नवी मुंबईला स्वतःचा 'गेटवे' हवा का?

सेक्टर_सतरा:

नमस्कार मंडळी. प्रश्न बालिश वाटेल कदाचित, पण चार दिवस डोक्यात घोळतोय म्हणून टाकतोय.

झालं असं की लेकीला (तिसरीत आहे) शाळेत 'माझे शहर' नावाचा प्रोजेक्ट दिलाय. त्यात एक आख्खं पान 'माझ्या शहरातील प्रसिद्ध वास्तू'. चित्र काढा, रंगवा, खाली पाच ओळी लिहा. पोरीने कोणाला न विचारता गेटवे ऑफ इंडिया काढून टाकला, पुढे कबुतरं, मागे लाँच, वर सूर्य, सगळं साग्रसंगीत. मी म्हटलं अगं ए, हा मुंबईत आहे, आपण वाशीत राहतो, आपलं शहर नवी मुंबई. तर खोडरबर हातात धरून विचारते, मग आपलं काय आहे?

आता काय सांगू. आधी म्हटलं वाशी स्टेशन, तर म्हणाली ते स्टेशन आहे ना, वास्तू कुठेय. मग म्हटलं बेलापूरचं पालिकेचं मुख्यालय, घुमट आहे बघ केवढा, पुढे उंच झेंडा. तर म्हणे ते ऑफिस आहे. बायको किचनमधून ओरडली, मिनी सीशोर काढ म्हणावं. तिथे वास्तू म्हणजे भेळवाले.

दिवाळीत कोल्हापूरहून मेव्हणा आला होता तेव्हाही हेच. त्याच्याकडे गेलं की रंकाळा, नवा राजवाडा, पन्हाळा, दोन दिवस पुरत नाहीत. माझ्याकडे पहिल्या दिवशी त्याला पाम बीच रोडवरून गाडीतून फिरवला आणि दुसऱ्या दिवशी सरळ मुंबई दाखवायला नेला, संपली नवी मुंबई. तो बिचारा रस्ते फार छान आहेत हो तुमचे एवढंच म्हणत होता.

सिडको (हे शहर वसवणारी सरकारी कंपनी) १९७० ची, म्हणजे शहराने पन्नाशी ओलांडली. रस्ते आहेत, पाणी आहे (मोरबे धरण स्वतःचं), झाडं आहेत, पण डोळे मिटले की एक चित्र येत नाही. आता विमानतळ झालाय, कमळाच्या आकाराचा, व्हॉट्सॅपवर जो तो म्हणतोय की हीच आपली ओळख. तर विचारायचं हे की एका इमारतीने शहराला खरंच चेहरा मिळतो का, आणि मिळत असेल तर ती मुद्दाम, पैसे घालून बांधावी का? चिडू नका, खरंच विचारतोय. आणि सोमवारपर्यंत पान भरायचंय.

चहा_कमी_साखर:

मला आयकॉन नकोय, मला स्टेशनबाहेर बाईक लावायला जागा हवीय. ती झाली की तिच्यापुढे नारळ फोडतो आणि तीच वास्तू म्हणून काढ म्हणावं.

सिरियसली, ज्या शहरात फुटपाथ दर पावसाळ्यानंतर उखडून पुन्हा बसवतात तिथे कोणी आयकॉनिक म्हणायला लागलं की मी आधी खिसा चाचपतो.

काटकोन_त्रिकोण:

मी आर्किटेक्ट आहे, मोठा कोणी नाही, पंचवीस वर्षं सोसायट्यांच्या एलेव्हेशनवर करडा-पांढरा रंग आणि एसीपी शीट लावणारा. दर दोन महिन्यांनी एक बिल्डर ऑफिसात बसून म्हणतो सर कायतरी आयकॉनिक करा. म्हणजे त्याला टेरेसवर एक वाकडी कमान हवी असते जी एफएसआयमध्ये (परवानगीच्या बांधकाम-मोजणीत) धरत नाहीत आणि जिच्यावर रात्री निळा लाईट सोडता येतो. त्यामुळे या शब्दाची मला थोडी ॲलर्जी आहे हे आधीच सांगून टाकतो.

पण तुझ्या लेकीने गेटवे काढला ना, मग त्याचीच गोष्ट ऐक. पंचम जॉर्ज राजा १९११ च्या डिसेंबरात अपोलो बंदरला उतरला तेव्हा तिथे पुठ्ठ्याची कमान होती, खरा गेटवे नव्हताच. पायाभरणी १९१३ च्या मार्चमध्ये, जॉर्ज विटेटचं डिझाईन मंजूर व्हायला १९१४, मग समुद्रात भर घालणं, धक्क्याची भिंत, हे करता करता उद्घाटनाला १९२४ चा डिसेंबर उजाडला. ज्याच्या येण्याची आठवण म्हणून बांधला तो राजा परत कधी आलाच नाही. खर्च २१ लाख, आणि मग पैसे संपले, म्हणून त्याच्यासमोर सरळ येणारा मोठा रस्ता ठरवला होता तो झालाच नाही. आजही तिथे गेलास तर नीट बघ, येणाऱ्या रस्त्याच्या रेषेत गेटवे बसत नाही, तिरका उभा आहे. लोक फोटो काढताना दोन पावलं इकडे दोन पावलं तिकडे का करतात त्याचं कारण ते. शेजारचं ताज तर १९०३ चं, म्हणजे गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी मोठं.

मग हा तिरका, अर्धवट, राजाच्या हौसेचा दगड आपला कसा झाला? तर २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली, तो एक भाग. आणि त्यानंतर एलिफंटाच्या आणि मांडव्याच्या लाँचा, फुगेवाले, लगेच प्रिंट काढून देणारे फोटोवाले, लग्न झाल्यावर गावाहून आलेली जोडपी, हे सत्तर-पंचाहत्तर वर्षं चालूच आहे. विटेटने कमान दिली, बाकीचं लोकांनी भरलं. व्हीटीचंही तेच. १८७८ ते १८८८ दहा वर्षं स्टीव्हन्सने बांधलं, २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, पण मुंबईकर त्या घुमटाकडे मान वर करून वर्षातून एकदा बघत असेल. तो बघतो इंडिकेटर. आठ सत्तावीसची फास्ट कुठल्या प्लॅटफॉर्मला एवढाच त्याचा आणि वास्तुकलेचा संबंध, आणि तरी कोणी त्या इमारतीला हात लावायचा म्हटलं तर पहिला तोच रस्त्यावर येईल.

आता नवी मुंबई. इथे आयकॉन का नाही याला कारण आहे, विसरभोळेपणा नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघा आर्किटेक्ट-इंजिनिअरांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली तेव्हा गाभ्यात ही गोष्ट होती की राज्य सरकारने स्वतः इकडे यावं. मंत्रालय, विधिमंडळ, सगळा कारभार. सरकार आलं की ऑफिसं येतात, त्यामागे माणसं. सरकार काही हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून टॉवर उठले आणि १९८१ मध्ये नवं विधानभवनही तिथेच झालं. म्हणजे जी इमारत आज तुझ्या लेकीने शहाण्यासारखी काढली असती ती खाडी ओलांडून आलीच नाही.

दुसरं म्हणजे प्लॅनच चौदा नोडचा, नोड म्हणजे वाशी, खारघर अशी स्वतंत्र उपनगरं. एक मोठा चौक आणि त्यात एक पुतळा असं शहर करायचंच नव्हतं, प्रत्येक नोडने स्वतःच्या पायावर उभं राहायचं, म्हणून वाशीवाल्याला खारघर माहीत नाही आणि खारघरवाला ऐरोलीला दहा वर्षांत एकदा जातो. आणि नोडचा चेहरा कोण, तर स्टेशन! इथल्या रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने, ते पैसे वसूल करायला स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं आणि दुकानं बांधली. म्हणून आपली स्टेशनं अशी अगडबंब आहेत, बाकी मुंबईत पत्र्याची शेड आणि आपल्याकडे फलाटावर उतरलं की विमानतळावर आल्यासारखं वाटतं. लेकीला सांग स्टेशन ही वास्तूच आहे, आणि माझ्या मते या शहरातली सगळ्यात प्रामाणिक वास्तू.

चहा_कमी_साखर:

प्रामाणिक असेल पण गळतं.

आंगण_आठ_बाय_आठ:

काटकोन, तुम्ही कोरियांचं नाव घेतलंत आणि आमच्या घराला विसरलात? आर्किटेक्ट असून!

मी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही वसाहत कोरियांनी १९८३ ते ८६ च्या सुमारास केली. सात घरांचा एक घोळका, मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं सामाईक अंगण, असे तीन घोळके मिळून जरा मोठं अंगण, असं करत करत ओढ्याच्या काठाने वसाहत. एका घराची भिंत दुसऱ्याला चिकटलेली नाही, म्हणजे पैसे आले की ज्याने त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याला विचारायला नको. गरीब-श्रीमंत प्लॉटमध्ये फरकही फार नाही, हाही त्यांचा हट्ट.

तर गंमत अशी की हे गाव जगात प्रसिद्ध आहे आणि वाशीत कोणाला माहीत नाही. आमच्याकडे पोरंपोरी येतात, आर्किटेक्चर कॉलेजची, बसने, गळ्यात कॅमेरे, पाठीला ती लांब नळकांडी, कधी परदेशातलीसुद्धा. मी दारात तांदूळ निवडत असले की हमखास विचारतात, काकू ओरिजिनल घर कुठलं हो यातलं? आता ओरिजिनल कुठून आणू. आमचंच कौलारू होतं, सासऱ्यांनी स्लॅब टाकला, मग दिरांची खोली चढली, मग बाल्कनीला ग्रील. समोरच्यांनी तर सगळं पाडून तीन मजली बंगला बांधलाय, वर संगमरवरी खांब आणि सिंह. मुलं त्या सिंहांकडे बघून अशी चुकचुकतात जशी काही मीच बसवलेत. एकदा एक मुलगी अंगणात बसून स्केच काढत होती, तीन तास बसली, मी तिला पोहे दिले. वहीत बघितलं तर तिने सिंह, ग्रील, माझं वॉशिंग मशीन, सगळं गाळून जुनं कौलारू गाव काढलं होतं, जे तिने कधी बघितलंच नव्हतं आणि मी बघितलं होतं. मी म्हटलं अगं, वॉशिंग मशीन काढ की, तेही इथलंच आहे.

पण ते अंगण मात्र आहे बरं का अजून. काहींनी गाड्या लावून अडवलंय, भांडणंही होतात त्यावरून, पण आमच्या घोळक्यात गणपतीला मांडव तिथेच पडतो, एप्रिलमध्ये पापड-कुरडया तिथेच वाळतात. सेक्टर_सतरा, तुझ्या मेव्हण्याला आणायचं होतंस. दाखवायला काही नाही, खरंय, पण बसायला आहे.

खाडीकाठचा_भूमिपुत्र:

सगळं वाचलं. चांगलं लिवलंय सगल्यांनी, पण मंडळी एक गोष्ट तुमच्यातल्या कोणाच्या तोंडून आली नाय.

शहराला खूण नव्हती असं बोलताय. खूण होती. उलव्याचा डोंगर होता. नव्वदेक मीटर उंच. माझा आजा खाडीत होडी घालायचा तेव्हा धुकं असलं तरी त्या डोंगराचं टोक कुठल्या अंगाला दिसतंय त्यावरून सांगायचा की आपण कुठं आलो, पाणी किती, जाळं कुठं टाकायचं. आमच्या घरात दिशा सांगायला पूर्व-पश्चिम नव्हतं, डोंगराकडे आणि खाडीकडे असं होतं. म्हातारी अजून बोलते, मीठ डोंगराकडच्या फळीवर हाय. डोंगर नाय राहिला, फळी राहिली.

विमानतळासाठी तो डोंगर कापला. सुरुंग लागायचे तेव्हा दुपारी भांडी वाजायची. उलवे नदी वळवली. दहा गावं उठवली, कोंबडभुजे, गणेशपुरी, तरघर, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, ही नावं आता तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहेत सांगा. तरघरचं नाव निदान स्टेशनला मिळालं.

मी विमानतळाच्या विरोधात नाय, माझा पुतण्या तिथं कामाला लागलाय, चांगला पगार हाय. पण तुम्ही जे कमळ कमळ करताय ते आम्हाला दुसरंच दिसतं. आमच्यासाठी त्या इमारतीत आकार महत्त्वाचा नव्हता, नाव महत्त्वाचं होतं. २०२१ च्या जूनमध्ये दहा तारखेला मानवी साखळी केली आणि चोवीस तारखेला सिडको भवनला घेराव घातला, पावसात, लहान पोरं खांद्यावर घेऊन, ते कशासाठी? दि. बा. पाटलांचं नाव लागावं म्हणून. दिबा जासईचे, आम्हा भूमिपुत्रांचे पुढारी. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी उरणच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, गोळीबारात पाच जण गेले, त्यातनंच पुढं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं आलं. आमचं स्मारक म्हणाल तर जासईला आहे हुतात्म्यांचं, जानेवारीत लोक जमतात तिथं. लहानसं आहे. कोणी सेल्फी काढत नाय तिथं. तुमच्या शाळेच्या वहीत ते बसंल का नाय मला ठाऊक नाय.

सेक्टर_सतरा:

दादा, खरं सांगतो, मी वीस वर्षं इथे राहतो आणि जासईला फक्त ट्रॅफिकमध्ये थांबलोय. गाडीच्या काचेतून बघून पुढे गेलो असेन.

पोहे_इन_एस्पान्या:

धागा उशिरा बघितला, इकडे रात्र होती. मी मूळची पनवेलची, सध्या नवऱ्याच्या नोकरीमुळे उत्तर स्पेनमध्ये, बिल्बाओपासून तासाभरावर. या विषयावर बिल्बाओचं नाव आत्तापर्यंत कसं नाही निघालं याचंच नवल वाटलं, कारण जगातले सगळे महापौर हेच नाव घेऊन कर्ज काढतात.

गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत असते. लोखंड आणि जहाजबांधणीचं शहर, काळंकुट्ट, ऐंशीच्या दशकात कारखाने बंद पडले, नदीकाठची जहाजांची मोठी गोदी १९८८ मध्ये बंद झाली, त्याआधी १९८३ च्या ऑगस्टमध्ये पूर येऊन जुनं गाव बुडालेलं. मग १९९७ मध्ये फ्रँक गेरीने टायटॅनियमच्या पत्र्याचं ते गुगेनहाइम म्युझियम बांधलं, पहिल्याच वर्षात दहा लाखांवर माणसं आली, शहर तरलं. झाली गोष्ट. आणि मग प्रत्येक शहराला वाटतं आपणही एक वाकडातिकडा चकचकीत पत्रा उभा केला की झालं.

उरलेली अर्धी मला इथे येऊन कळली, शेजारच्या आजींकडून. त्या म्हणतात म्युझियम नंतरचं गं, आधी नदी धुतली. नेर्व्हियोन नदीत आधी गटार आणि कारखान्यांचा गाळ सरळ जायचा, वासाने खिडक्या उघडता यायच्या नाहीत. तिच्या मलनिस्सारणाचं काम म्युझियमच्या कितीतरी आधी सुरू झालं, आणि म्युझियमपेक्षा कितीतरी पट पैसा त्यात गेला. ते पाइप जमिनीखाली आहेत, त्यांचा फोटो कोण काढणार. मग १९९५ मध्ये मेट्रो आली, तिची काचेची वाकलेली दारं नॉर्मन फोस्टरने केलेली, लोक त्यांना लाडाने फोस्टेरितो म्हणतात, म्हणजे आपल्याकडे कसं बंड्याचं बंडोपंत करतात त्याच्या उलटं. म्युझियम त्यानंतर. धुतलेल्या नदीच्या काठावर, मेट्रोने जाता येईल असं.

आणि हो, तिथे मुलांना म्युझियम नाही आवडत, बाहेरचा कुत्रा आवडतो. बारा मीटर उंच, आख्खा जिवंत फुलांचा, जेफ कून्स या शिल्पकाराचा. वर्षातून दोनदा त्याची फुलं बदलतात, परांची बांधून माणसं वर चढतात आणि एकेक रोप खोचतात. माझा मुलगा ते काम बघायला थांबतो, म्युझियमचं तिकीट काढावंच लागत नाही, पैसे वाचतात.

आता दुसरी बाजू. त्याच नदीवर, म्युझियम झालं त्याच वर्षी कालात्रावा या स्पॅनिश आर्किटेक्टने एक सुंदर पांढरा पूल बांधला, झुबिझुरी नावाचा, खाली काचेच्या लाद्या. फोटोत अप्रतिम. पण हा पावसाचा मुलुख, आपल्या कोकणासारखी रिपरिप, काच ओली झाली की माणसं धडाधड घसरायची. लाद्या फुटायच्या त्या बदलत बसा. शेवटी पालिकेने वरून काळी रबरी चटई अंथरली, म्हणजे काच गेली झाकून. शिवाय पलीकडच्या नव्या टॉवरकडे जायला पुलाला एक जोडरस्ता लावला, कठडा कापून, तर कालात्रावाने पालिकेवर खटला भरला की माझ्या कलाकृतीला हात लावलात. खालच्या कोर्टात हरला, वरच्या कोर्टाने २००९ मध्ये तीस हजार युरो द्यायला लावले. चालणाऱ्या माणसाला सरळ जायला वाट हवी होती आणि कलाकाराला कठडा अखंड हवा होता. मी त्या चटईवरून जाताना दर वेळी पनवेलच्या एसटी स्टँडचा पावसाळा आठवते आणि काचेचा पूल डोक्यातून काढून टाकते.

काटकोन_त्रिकोण:

झुबिझुरीची चटई! हे आम्ही कॉलेजात फोटोत बघितलं तेव्हा चटई नव्हती, कोणी सांगितलंच नाही.

अंगणवाल्या ताई, माफी. मी स्वतः दुसऱ्या वर्षाला तुमच्याकडे स्केच करायला आलेलो आणि मीही वॉशिंग मशीन गाळलं असणार.

भूमिपुत्र, तुम्ही जे लिहिलंत ते साइट ॲनालिसिसमध्ये आम्ही लिहीत नाही. आमच्या ड्रॉइंगवर डोंगर म्हणजे कंटूर लाईन, आकडा, आणि कट-अँड-फिल (खणायची-भरायची माती) किती ब्रास एवढंच. एक सांगतो, विमानतळाचं डिझाईन झाहा हदीद या आर्किटेक्टच्या ऑफिसचं आहे, आत ते कमळाच्या पाकळ्यांसारखे खांब वर जाऊन छताला मिळतात ते मला आवडले, खोटं कशाला बोलू. पण विमानतळ ही शहराची खूण व्हायला एक अडचण आहे. तिथे माणूस एकतर शहर सोडून चाललेला असतो नाहीतर टॅक्सी शोधत असतो. आणि तिकीट नसेल तर आत सोडत नाहीत. गेटवेपाशी कुणीही जाऊन बसतं, बिनतिकीट, रिकामटेकडा, ही साधी गोष्ट आम्ही आयकॉन-आयकॉन करताना विसरतो.

चहा_कमी_साखर:

म्हणजे शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात. आधी गटार, मग कुत्रा.

पण एक कबूल करतो. मी नाशिकहून पहिल्यांदा नोकरीसाठी आलो ना, हार्बरने, मानखुर्द सुटलं आणि गाडी एकदम खाडीवर आली, दोन्ही बाजूला पाणी, वारा आत, डब्यात शांतता. समोर वाशीच्या इमारती पाण्यातून वर आल्यासारख्या. शेजारच्या बाईने पर्समधून एक रुपया काढला, कपाळाला लावला आणि खिडकीतून फेकला. मी म्हटलं हे काय, तर म्हणाली पाणी ओलांडतोय ना आपण. तेव्हा मला वाटलं आपण दुसऱ्या गावात आलो. आता जाळ्या लावल्यात म्हणा पुलाला, निर्माल्य टाकतात म्हणून, तरी माणसं जाळीच्या वरून नेम धरतात. मला तर नवी मुंबई म्हटलं की तोच दीड-दोन मिनिटांचा तुकडा आठवतो. इमारत वगैरे नाही.

आंगण_आठ_बाय_आठ:

चहा, तू रोज असं का नाही लिहीत रे.

आणि फ्लेमिंगो विसरू नका. चौकाचौकात फ्लेमिंगोचे पुतळे बसवलेत, फ्लेमिंगो सिटी म्हणून, आणि सीवूड्सच्या तळ्यात खाडीचं पाणी यायची वाट बंद झाली म्हणून खऱ्या फ्लेमिंगोंसाठी लोकांना आंदोलन करावं लागलं. पुतळ्याला चिखल लागत नाही ना, म्हणून तो परवडतो.

खाडीकाठचा_भूमिपुत्र:

ताई, ते पक्षी आमच्याकडे पूर्वीपासनं येतात, आम्ही त्यांचं कौतुक नाय केलं कधी. आता लोक कॅमेरा घेऊन येतात तेव्हा कळलं की आपल्याकडे काय होतं.

सेक्टर_सतरा, पोरीला घेऊन ये एकदा जासईला. रविवारी सकाळी ये, ट्रॅफिक नसतं. आधी सांग, घरी जेवून जा.

सेक्टर_सतरा:

नक्की येतो दादा. पुढच्या रविवारी, फोन करून.

अपडेट देतो. काल रात्री मी तिला सगळ्यांचे रिप्लाय वाचून दाखवले, म्हणजे जे तिला कळतील ते. डोंगर कापला हे ऐकून तिने विचारलं तो आता कुठे ठेवलाय. मी म्हटलं भर घातली, खाली पसरला. यावर ती बराच वेळ गप्प होती. फुलांचा कुत्रा तिला फार आवडला आणि तोच काढायचा हट्ट धरला होता, मोठ्या मुश्किलीने समजावलं की तो स्पेनचा आहे.

शेवटी गेटवे खोडला. पूर्ण जात नाहीये, कमानीची एक रेघ राहिलीय, म्हणून तिने त्याचाच पुलाचा खांब केलाय. वर लोकल, नऊ डबे (बारा मावले नाहीत), खिडकीत सगळे हसतायत, हार्बरला गर्दीच नसते जणू. खाली गुलाबी पक्षी, गाडीपेक्षा मोठे. कोपऱ्यात एक डोंगर काढलाय, तो कुठला विचारलं तर म्हणाली काकांचा.

बायको म्हणते बाई मार्क कापतील, पूल वास्तूत येतो का?

काटकोन_त्रिकोण:

येतो. न येऊन सांगतो कोणाला. फक्त पाच ओळींत वर्ष लिहिणार असाल तर घोळ घालू नका, रस्त्याचा पहिला पूल १९७३ चा, रेल्वेचा १९९२ चा. चित्रात लोकल आहे म्हणजे १९९२.

सेक्टर_सतरा:

लिहिलं. पाचपैकी तीन ओळी झाल्यात, तिने स्वतः लिहिल्यात, मी हात लावलेला नाही:

'हा वाशीचा पूल आहे. तो १९९२ मध्ये झाला. पुलावरून पाण्यात पैसे टाकू नयेत.'

अजून दोन हव्यात. गुलाबी खडू संपलाय, तो आणायला खाली चाललोय.